बगॅस जाळायचा की त्याचे इथेनॉल करायचे? एका सहकारी साखर कारखान्याचा निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि कारखान्याचे आकडे पूर्णांकात दिले आहेत. काळ २०१३ ते २०१९. तांत्रिक सल्लागारांच्या गटात असल्याने संचालक मंडळाच्या बैठका, आलेले प्रस्ताव आणि नंतरचे हंगाम मला जवळून पाहता आले.

कारखाना जुना. दिवसाला ३,५०० टन गाळप, हंगाम साधारण १५० दिवसांचा, म्हणजे वर्षाला सव्वापाच लाख टनांच्या आसपास ऊस. सभासद १४,००० च्या घरात, बहुतेक दोन-तीन एकरांचे धनी. उसाच्या वजनाच्या २८ टक्के बगॅस, म्हणजे ऊस पिळल्यावर उरणारा चोथा, निघतो, त्यात निम्मे पाणी. हा बगॅस २१ किलो दाबाच्या (दर चौरस सेंटिमीटरला २१ किलो) जुन्या बॉयलरमध्ये जायचा, त्या वाफेवर मिलची टर्बाइन फिरायची, कारखान्यापुरती वीज निघायची आणि उरलेल्या वाफेवर रस आटायचा. १०० टन उसामागे ५१ टन वाफ लागत होती. हे प्रमाण जास्त होते, पण त्या काळातल्या अनेक कारखान्यांत ते चालून जाई. एवढे करून दिवसाला दीडशे टन बगॅस उरायचा. तो कागद गिरण्यांना विकून वर्षाला ३ कोटींच्या आसपास रक्कम यायची. बगॅसची कमाई एवढीच.

बॉयलर म्हातारे झाले होते. दर पावसाळ्यात ट्यूब बदलायच्या, बॉयलर निरीक्षकाकडून दाखला घ्यायचा आणि दसऱ्याच्या सुमारास अग्निप्रदीपन करायचे, असे वर्षानुवर्षे चालले होते. पुढच्या चार-पाच वर्षांत बॉयलरवर मोठा खर्च अटळ आहे, हे चीफ इंजिनिअरने दोन वेळा लेखी दिले होते.

प्रश्न

२०१३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सभासदाने उठून विचारले, शेजारचा कारखाना वीज विकून उसाला जास्त दर देतो, आपला बगॅस मात्र ट्रकने का जातो? प्रश्नावर टाळ्या पडल्या. चेअरमनांनी सहा महिन्यांत प्रस्ताव आणू असे सभेला सांगितले.

पुढच्या दोन महिन्यांत एक नव्हे, दोन प्रस्ताव आले.

पहिला सहवीजनिर्मितीचा. नवा उच्च दाबाचा बॉयलर, १८ मेगावॅटचे टर्बाइन, मिलला वाफेच्या टर्बाइनऐवजी विजेच्या मोटारी, बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे रस आटवून साखर करणाऱ्या विभागात, वाफ वाचवणारे बदल, आणि उरलेली वीज महावितरणला. खर्च ९० कोटींच्या आसपास. यातले एकही यंत्र नवे नव्हते. तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांत ते फिरत होते.

दुसरा प्रस्ताव एका प्रवर्तक कंपनीचा. बगॅसमधल्या सेल्युलोजचे एन्झाइमने साखरेत रूपांतर करायचे आणि त्यापासून इथेनॉल काढायचे, म्हणजे ज्याला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात ते. तंत्र परदेशी परवान्यावरचे. कारखान्याने जागा द्यायची, भागभांडवलात २६ टक्के वाटा उचलायचा आणि १५ वर्षे दरवर्षी ६०,००० टन बगॅसची हमी द्यायची. भारतात असा व्यावसायिक प्रकल्प त्या वेळी एकही नव्हता. जगात नुकतीच सुरुवात झाली होती. इटलीत क्रेशेंतिनो येथे ऑक्टोबर २०१३ मध्ये मोठा प्रकल्प सुरू झाला होता आणि अमेरिकेत आयोवा, कॅन्सस या राज्यांत उभारणी चालू होती. ‘देशातला पहिला’ हे शब्द प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर होते, आणि मंडळातल्या तरुण संचालकांवर त्यांचा परिणाम झाला हे स्पष्ट दिसत होते. त्यात काही वावगे नव्हते. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखानदारीची सुरुवातही १९५० साली प्रवरानगरला, तोवर इथे कोणी न केलेल्या गोष्टीतूनच झाली होती.

दोन्ही प्रस्ताव स्वच्छ ऊर्जेचेच. एकात कोळशाची वीज कमी होणार, दुसऱ्यात पेट्रोल. पैसे मात्र एकाच कामाला पुरणार होते.

पुढ्यातले पर्याय

कागदावर चार पर्याय मांडले गेले. काहीच न करता बॉयलरची डागडुजी करत बगॅस विकत राहायचा, हा एक. त्यावर फार वेळ गेला नाही, कारण डागडुजीलाही कोट्यवधी लागणारच होते. सहवीज प्रकल्प स्वतः उभारायचा, हा दुसरा. खासगी विकासकाला जागा आणि बगॅस देऊन त्याच्याकडून प्रकल्प उभारून घ्यायचा आणि ठरलेल्या वर्षांनी तो ताब्यात घ्यायचा, हा तिसरा. चौथा इथेनॉलचा.

तिसऱ्या पर्यायाकडे एमडींचा (कार्यकारी संचालकांचा) कल होता, कारण कर्ज डोक्यावर येत नव्हते. पण विकासकाच्या मसुद्यात वाफेचा पुरवठा आणि बगॅसचा हिशेब त्याच्या हाती जात होता. हंगामात रात्री दोन वाजता वाफ कमी पडली तर गाळप थांबवायचे की वीज, हे कोण ठरवणार? मसुद्यात उत्तर नव्हते. सहकारी कारखान्यात ऊस सभासदाचा असतो, तो वाळत ठेवून वीज विकता येत नाही. या एका मुद्द्यावर तो पर्याय मागे पडला.

उरले दोन. त्यांच्यामधली निवड तीन ठिकाणी झाली आणि ती तिन्ही ठिकाणे नीट पाहण्यासारखी आहेत.

निर्णयाची पहिली जागा: बगॅस मोकळा आहे का?

इथेनॉलच्या प्रस्तावात बगॅस ‘टाकाऊ पदार्थ’ म्हणून धरला होता. चीफ केमिस्टने बैठकीत फळ्यावर हिशेब मांडला. वर्षाचा एकूण बगॅस १ लाख ४७ हजार टन. त्यातला जवळजवळ १ लाख २४ हजार टन जुन्या बॉयलरमध्ये रस आटवण्यासाठीच जळतो. उरतो २२-२३ हजार टन. हमी द्यायची ६० हजार टनांची. मधला ३७ हजार टन कुठून येणार?

प्रवर्तकांच्या तज्ज्ञाने सांगितले की प्रक्रियेनंतर लिग्निन, म्हणजे बगॅसमधला साखर न होणारा काष्ठमय भाग, उरते, ते बॉयलरमध्ये जाळता येते. बरोबर होते. पण त्या प्रक्रियेला स्वतःला वाफ लागते, आणि ओले लिग्निन जुन्या बॉयलरच्या शेगडीवर नीट जळेल का, याचा अनुभव कोणाकडेच नव्हता.

यातून निघालेला निष्कर्ष मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. इथेनॉल करायचे ठरवले तरी आधी वाफ वाचवावी लागणार होती. वाफेचा वापर ५१ वरून ४० च्या आसपास आणल्याशिवाय आणि जुने बॉयलर काढल्याशिवाय नव्या तंत्राला लागणारा बगॅस हाती येतच नव्हता. म्हणजे पहिल्या प्रस्तावातला अर्धा भाग हा दुसऱ्या प्रस्तावाचाही पाया होता. ‘जुने की नवे’ असा मांडलेला प्रश्न इथे ‘आधी काय’ असा बदलला आणि बैठकीतला ताण निम्म्याने कमी झाला.

निर्णयाची दुसरी जागा: जोखीम कोणाच्या पैशावर?

हमीच्या कलमात बगॅस कमी पडल्यास भरपाईची तरतूद होती. एक ज्येष्ठ संचालक, ज्यांना सगळे आबा म्हणत, शांतपणे ऐकत होते. त्यांनी प्रवर्तकांच्या प्रतिनिधीला विचारले, “साहेब, पाऊस झाला नाही, ऊस आला नाही, तर ह्या कलमाचं काय हो?”

“ते फोर्स मेजरमध्ये बघता येईल,” प्रतिनिधी म्हणाले. फोर्स मेजर म्हणजे हाताबाहेरच्या संकटासाठी करारात ठेवलेली सूट.

“बघता येईल असं नको. लिहून द्या.”

ते लिहून आले नाही. प्रवर्तकांच्या कर्जदात्यांना बगॅसची पक्की हमी हवी होती, आणि त्यांच्या बाजूने तेही रास्तच होते. नव्या तंत्राची जोखीम बँक घेत नव्हती, तंत्राचा परवाना देणारा घेत नव्हता, तंत्र चालले नाही तर यंत्रपुरवठादार पैसे परत देणार नव्हता. एकेक कलम वाचत गेल्यावर सगळी जोखीम सभासदाच्या भागभांडवलाकडे सरकत होती.

नव्या शोधाला पैसा लागतो, आणि तो बुडू शकतो हे मान्य करूनच घालावा लागतो. असा पैसा सरकारचा असू शकतो, मोठ्या उद्योगसमूहाचा असू शकतो, संशोधन संस्थेचा असू शकतो. दोन एकरवाल्याच्या बिलातून टनामागे कापलेली ठेव हा तो पैसा नव्हे. नव्या तंत्राबद्दल मला मनापासून आस्था आहे, तरीही या मुद्द्यावर मी मंडळाच्या बाजूने ठाम होतो.

पुढे केंद्र सरकारनेच हा धागा धरला. २०१९ मध्ये प्रधानमंत्री जी-वन योजना मंजूर झाली, त्यात दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल प्रकल्पांसाठी १,९६९.५० कोटी रुपये ठेवले गेले. व्यावसायिक प्रकल्पाला १५० कोटींपर्यंत आणि प्रात्यक्षिक प्रकल्पाला १५ कोटींपर्यंत मदत. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये देशाला अर्पण झाला. खर्च ९०० कोटींहून अधिक, कच्चा माल वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा, तंत्र पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे. अशा आकाराची झेप कोणी घ्यायची, हे त्या रकमांवरूनच कळते.

निर्णयाची तिसरी जागा: किती दाबाचा बॉयलर?

सहवीज ठरल्यावरही ‘सिद्ध तंत्र’ म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न उरला. त्या वेळी ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर देशातल्या कारखान्यांत चालू होते.

दाब वाढवण्यामागचे गणित सोपे आणि सुंदर आहे. जुन्या २१ किलो, ३४० अंशांच्या वाफेपेक्षा ८७ किलो, ५१५ अंशांची वाफ तयार करायला किलोमागे फक्त दहाएक टक्के जास्त उष्णता लागते. पण ती वाफ टर्बाइनमधून उतरून रस आटवण्याच्या दाबापर्यंत येताना जवळपास दुप्पट काम करून जाते. आणि खाली आल्यावर रस आटवायला ती तितकीच उपयोगी असते. त्याच उसातून, त्याच्याच बगॅसमधून, बाहेरून जास्तीचे इंधन न आणता ही वीज निघते. यात शोध काही नाही, एकोणिसाव्या शतकातल्या उष्मागतिकीचा तो नीट केलेला वापर आहे. तरीही २०१३ साली हा कारखाना आणि त्याच्यासारखे अनेक जण ही वीज धुराड्यातून सोडून देत होते.

११० किलोत आणखी वीज मिळत होती. पण दाब वाढतो तसे पाणी अधिकाधिक शुद्ध लागते आणि चुकीला जागा कमी राहते. चीफ इंजिनिअरने ८७ चा आग्रह धरला. त्याचे कारण साधे होते. पन्नास किलोमीटरच्या टापूत ८७ चे बॉयलर चालवणारे दोन कारखाने होते, तिथले फोरमन आणि बॉयलर अटेंडंट ओळखीचे होते, सुट्या भागांसाठी पुण्याच्या पुढे जावे लागत नव्हते. कागदावरच्या कार्यक्षमतेपेक्षा दुरुस्ती करणारा माणूस किती तासांत पोहोचतो, हे त्यांनी मोठे मानले. मंडळाने २०१४ च्या उन्हाळ्यात ८७ वर शिक्का मारला.

अंमलबजावणी

कर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या पुढाकाराने जमलेल्या बँकांच्या गटाकडून आणि केंद्राच्या साखर विकास निधीतून, एकूण ६० कोटींच्या पुढे. बाकी कारखान्याच्या निधीतून आणि सभासदांच्या ठेवीतून. टनामागे ५० रुपये दोन हंगाम कापण्याचा ठराव सभेत झाला, विरोध झाला, पण मंजूर झाला.

सिद्ध तंत्र म्हटले की काम सरळ होईल अशी समजूत असते. तसे झाले नाही.

पहिली अडचण वीज वाहून नेणाऱ्या लाइनची. बॉयलर आणि टर्बाइन वेळेत उभे राहिले, पण उपकेंद्रापर्यंतच्या लाइनचे शेवटचे दोन टॉवर दोन सभासदांच्याच उसात येत होते. भरपाई किती आणि कोणत्या दराने, यावर महिने गेले. २०१५-१६ च्या हंगामात मोळी गव्हाणीत पडली, मिल फिरली, टर्बाइन तयार, आणि वीज मात्र जानेवारीपर्यंत बाहेर जाऊ शकली नाही. अर्धा हंगाम असा गेला. शेवटी चेअरमन स्वतः त्या दोघांच्या वस्तीवर जाऊन बसले. भरपाईचा दर वाढवून दिला, आणि टॉवरखालच्या जमिनीचा प्रश्न एका संध्याकाळी मिटला. हे सहा महिने आधी करता आले असते.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. रस आटवताना निघणारे गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, पुन्हा बॉयलरला जाते. जुन्या बॉयलरला त्यात थोडी साखर आली तरी चालून जायचे. ८७ किलोच्या बॉयलरला ते चालत नाही. साखर तापली की आम्ल होते आणि ट्यूब खाऊ लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका रात्रपाळीत पॅनमधून (साखर तयार करण्याच्या पात्रातून) रस उडून कंडेन्सेटमध्ये आला, तपासणी दोन तासांनी झाली, तोवर पाणी बॉयलरमध्ये गेले होते. बॉयलर थांबवून, रिकामा करून, धुऊन पुन्हा सुरू करण्यात तीन दिवस मोडले. गाळप बंद, गाड्या यार्डात उभ्या, ऊसतोड टोळ्या बसून.

दोष रात्रपाळीच्या माणसावर टाकणे सोपे होते. चीफ केमिस्टने तसे होऊ दिले नाही. बॉयलिंग हाऊसच्या माणसांना आपल्या कंडेन्सेटवर पलीकडचा बॉयलर अवलंबून आहे, हे कोणी शिकवलेच नव्हते. प्रशिक्षण फक्त बॉयलर आणि टर्बाइनच्या माणसांचे झाले होते. त्यानंतर कंडेन्सेटच्या प्रत्येक लाइनवर वाहकता मोजणारे मीटर बसले, साखरेचा अंश दिसला की पाणी आपोआप गटारात वळवणारे व्हॉल्व्ह आले, आणि पाळीच्या सुरुवातीला दोन्ही विभागांच्या माणसांनी एकत्र उभे राहून नोंदवही पाहायची पद्धत पडली. ही पद्धत एका फिटरने सुचवली होती. सिद्ध तंत्र आपल्या जागी बसवताना असे छोटे शोध लागतातच, आणि ते लावणाऱ्यांची नावे कुठल्या अहवालात येत नाहीत.

वाफेची बचत टप्प्याटप्प्याने झाली. पहिल्या वर्षी वापर ५१ वरून ४५ वर आला. रस तापवायला ताज्या वाफेऐवजी इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या पात्रांच्या रांगेतल्या) मागच्या बॉडींमधली बाष्पे वापरायला लागल्यावर तो ४२ वर आला. सतत चालणाऱ्या पॅन आल्यावर ३९-४०.

निष्पन्न

२०१६-१७ चा हंगाम सगळ्या महाराष्ट्राच्या लक्षात आहे. आधीच्या दोन दुष्काळांनी ऊस गेला होता. राज्याचे साखर उत्पादन ४२ लाख टनांवर आले, आदल्या वर्षीच्या निम्म्यावर. या कारखान्याला २ लाख १० हजार टनच ऊस मिळाला आणि पट्टा जानेवारीतच पडला, म्हणजे गाळप संपले. वर्षाचा एकूण बगॅस ५९ हजार टनांच्या आत.

६० हजार टनांची हमी आठवावी. त्या वर्षी सगळाच्या सगळा बगॅस दिला असता, रस कच्चा ठेवला असता, तरी हमी पुरी झाली नसती. सहवीज प्रकल्पालाही त्या वर्षी फटका बसलाच. विजेचे उत्पन्न ८ कोटींच्या आसपास आले, हप्ते त्याच्या दुपटीच्या जवळ होते. बँकांकडून मुदत वाढवून घ्यावी लागली आणि कामगारांचे पगार तीन महिने मागे पडले. पण भरपाईचे कलम डोक्यावर नव्हते. यंत्र थांबले होते आणि पुढच्या वर्षीच्या उसाची वाट पाहत होते.

२०१७-१८ मध्ये राज्यात १०७ लाख टन साखर झाली. कारखान्याने ६ लाख टन गाळले आणि टनामागे सुमारे ७० युनिट वीज बाहेर दिली, म्हणजे ४ कोटी २० लाख युनिट. करार वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या ६ रुपयांच्या पुढच्या दराचा असल्याने २५ कोटींहून अधिक उत्पन्न आले. पूर्वीच्या बगॅस विक्रीचे ३ कोटी वजा केले तरी फरक मोठा होता, आणि त्याच वर्षी साखरेचे भाव पडल्यामुळे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायला या पैशाचाच आधार झाला.

दराबाबत मात्र नशिबाची साथ होती हे मान्य केले पाहिजे. नंतर आलेल्या प्रकल्पांना स्पर्धात्मक बोलीत उतरावे लागले आणि युनिटचा दर ५ रुपयांच्या आत आला. तेच यंत्र, तीच वीज, पण दोन-तीन वर्षे उशिरा आलेल्या कारखान्यांचे हिशेब अडचणीत आले. सिद्ध तंत्रातही तंत्राबाहेरची जोखीम उरते, आणि ती लहान नसते.

आणि तिकडे परदेशातल्या इथेनॉल प्रकल्पांचे? क्रेशेंतिनोचा प्रकल्प २०१७ मध्ये बंद पडला. कॅन्ससमधला वर्ष-सव्वा वर्षात थांबला. आयोवात ड्यूपाँटने उभारलेला प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. या पिढीच्या प्रकल्पांत एन्झाइमचे रसायनशास्त्र चालले, अडले ते बहुतांशी कच्चा माल आत ढकलण्यात: माती, वाळू, गाठी, ओलावा आणि त्यांनी झिजणारी यंत्रे. ज्याने ऊस कारखान्यात एक हंगाम काढला आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. ब्राझीलमध्ये रायझेन कंपनीने मात्र पिरासिकाबा इथे चालू साखर कारखान्याच्या शेजारी, तिथलाच बगॅस घेऊन असा प्रकल्प उभारला, अनेक वर्षे अडचणी सोडवत राहिली आणि पुढे दुसरा मोठा प्रकल्पही बांधला. चालत्या कारखान्याची वाफ, वीज आणि माणसे शेजारी होती, आणि मागे वाट पाहू शकणारी मोठी कंपनी होती.

परदेशातले प्रकल्प बंद पडले म्हणून मंडळाचा निर्णय बरोबर, असा अर्थ काढू नये. ते चालले असते तरीही २०१४ साली हाती असलेल्या माहितीवर हा निर्णय बरोबरच होता, कारण बगॅसचा हिशेब जुळत नव्हता आणि जोखीम चुकीच्या खांद्यावर जात होती. निर्णय तपासताना हा फरक नेहमी ठेवावा.

वेगळे काय करता आले असते

क्रम उलटा असायला हवा होता. वाफेची बचत आधी आणि बॉयलर नंतर. बचतीचा खर्च तुलनेने कमी, परतावा लवकर, आणि ती झाल्यावर बॉयलर आणि टर्बाइनचा आकार अचूक ठरवता आला असता. आपल्या कारखान्यात बॉयलरला पूजा असते, उद्घाटन असते. रस तापवण्याच्या नळ्या बदलल्या तर फोटो निघत नाही. मंडळ आणि सभासद दोघांनाही हे पटवणे सल्लागारांचे काम असते.

लाइनच्या जमिनीचे करार बॉयलरची ऑर्डर देण्याआधी व्हायला हवे होते. अर्ध्या हंगामाचे उत्पन्न तिथे गेले.

हंगामाबाहेरच्या इंधनाचा विचार उथळ झाला. प्रस्तावात पाचट आणि इतर शेतकचरा आणून उन्हाळ्यातही वीज निर्माण करण्याचे आकडे होते. पाचट गोळा करणे, गाठी बांधणे, साठवणे याची कसलीही व्यवस्था नव्हती आणि पाचटातली राख शेगडीला जड जाते. पहिली दोन वर्षे तो भाग शून्य राहिला. वर्षातले दोनशेहून अधिक दिवस ९० कोटींचे यंत्र उभे असते, आणि नव्या तंत्राची खरी गरज इथे आहे: पाचट स्वस्तात गोळा करणारी आणि शेतातच दाबून देणारी यंत्रे, राख सहन करणाऱ्या भट्ट्या.

खरेदी एकत्र करता आली असती. त्याच दोन-तीन वर्षांत जिल्ह्यातले आणखी काही कारखाने मिलच्या मोटारी, गिअरबॉक्स, मीटर, व्हॉल्व्ह घेत होते, प्रत्येकाची निविदा वेगळी, प्रत्येकाचा दर वेगळा. देशात एलईडी दिव्यांचे उदाहरण समोर आहे. सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊक खरेदी केल्यावर दिव्याचा खरेदी दर २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. दिव्यात काही नवा शोध त्या दोन वर्षांत लागला नव्हता. बॉयलर प्रत्येकाचा वेगळा असतो हे खरे, पण मोटारी आणि मीटर वेगळे नसतात. सहकाराच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थांनी हे करायला हवे होते.

शेवटचा मुद्दा नव्या तंत्राचा, आणि तो मला सगळ्यात जास्त बोचतो. इथेनॉलचा प्रस्ताव नाकारताना मंडळाने तो विषयच बंद केला. ‘नको’ आणि ‘इतका मोठा नको’ यांतला फरक ठरावात आला नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या जैवऊर्जा केंद्राच्या तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला दिवसाला १० टन जैवभाराचे प्रात्यक्षिक एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाले. तसे छोटे काम या कारखान्याच्या आवारातही होऊ शकले असते. दिवसाला १० टन बगॅस म्हणजे या कारखान्याचा शंभरावा हिस्सा. जागा, बगॅस आणि थोडी वाफ कारखान्याची, यंत्र आणि जोखीम संशोधन संस्थेची, असा करार करून पाहायला काहीच हरकत नव्हती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ च्या अहवालात मांडले की २०३० पर्यंतची बहुतेक उत्सर्जनकपात तेव्हा बाजारात असलेल्या तंत्रांनी होऊ शकते, पण २०५० पर्यंतच्या कपातीतला जवळपास अर्धा वाटा त्या वेळी प्रात्यक्षिकाच्या किंवा नमुन्याच्या अवस्थेत असलेल्या तंत्रांकडून यायचा आहे. ती तंत्रे कुठेतरी, कोणाच्या तरी आवारात, खऱ्या मातीचा बगॅस खाऊन शिकणार आहेत.

२०१९ मध्ये वाफेचा वापर ३९ वर स्थिरावल्यानंतर एका संशोधन संस्थेने कारखान्याकडे बगॅसचे नमुने आणि चाचणीसाठी जागा मागितली. विषय मंडळापुढे आला तेव्हा आबांनी पुन्हा हमीचे कलम विचारले. हमी नव्हती, भांडवल मागितलेले नव्हते, नुकसान झाल्यास ते संस्थेचे, असे मसुद्यात लिहिलेले होते. जुन्या बॉयलर हाऊसची रिकामी शेड तीन वर्षांसाठी द्यायचा ठराव एकमताने झाला.